घामाने ओले ग्लोव्हज

सप्टेंबर २०२४. दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि बातमी आली: आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, पँथर्सने, तरुण क्वार्टरबॅक ब्राइस यंगला बाहेर बसवला, पुढच्या मॅचला जुनाजाणता अँडी डाल्टन. आपल्या शार्लटच्या ग्रुपवर लगेच अंगठे. 'बरं झालं!'

काय बरं झालं? सीझनच्या दोन मॅच झाल्यात. दोन! मान्य, ४७-१० आणि २६-३ असे हरलो. काल मी स्टेडियममध्येच होतो, माझ्याही तोंडून नको ते निघालं.

आठवीत सांगलीला मी शाळेचा विकेटकीपर झालो होतो. पहिल्याच मॅचला लेग साइडचा कॅच सुटला. ओव्हर संपताच सर मैदानात आले, माझ्या हातातले ग्लोव्हज ओढून काढले आणि दहावीच्या दादाला दिले. आतून घामाने ओले, निघता निघत नव्हते.

(सांगलीकरांनो, क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात आधी बॉल येतो तो. धिप्पाड गडी अंगावर येत असताना अडीच-तीन सेकंदांत बॉल कुणाला द्यायचा ते ठरवायचं.)

२०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तो) पहिला नंबर मिळवून यंगला घ्यायला शिकागोला आपला रिसीव्हर डीजे मूर दिला, वर पिक्सची, म्हणजे खेळाडू निवडायच्या पाळ्यांची, रास ओतली. आणि पोराला काय दिलं? पहिल्याच वर्षी ६२ सॅक, म्हणजे बॉल टाकायच्या आत ६२ वेळा आडवा. १८ मॅचमध्ये तीन हेड कोच! फ्रँक राइकला तर ११ मॅचनंतरच नारळ. घडी बसायच्या आत घरमालक बदलतोय, आणि दोष भाडेकरूचा.

पुढे दिग्गज ठरलेल्या क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने १९९८ ला, पहिल्याच सीझनला, २८ इंटरसेप्शन फेकले (बॉल थेट विरोधकांच्या हातात), संघ ३-१३, म्हणजे तीन जिंकल्या, तेरा हरल्या. त्याच्या संघाने, कोल्ट्सनी, ग्लोव्हज नाही काढले. पुढच्या वर्षी १३-३.

आजचा स्टार क्वार्टरबॅक महोम्सही पहिलं वर्ष जवळजवळ सगळं बसला होता म्हणाल. बसला ना, पण आधी. त्याला भर मैदानातून हात धरून नाही आणला. आणि हो, बाकीच्या पोरांनाही जिंकायचंय, डाल्टन आज जास्त चांगला खेळेल, तेही खरं. चला, पुढे.

मला जास्त लागलं ते आमच्या नव्या हेड कोचचं, कॅनालेसचं. याच पँथर्सनी २०२२ ला सोडलेल्या क्वार्टरबॅक बेकर मेफील्डची गाडी पुढच्या वर्षी टँपाच्या संघात रुळावर आली, तेव्हा तिथला ऑफेन्स (आक्रमणाची बाजू) कॅनालेस यांच्याच हातात होता. म्हणून तर यांना आणलं! तुम्हीसुद्धा, कोच?

असो. रविवारी डाल्टन जिंकला तर मीही ओरडेनच, मला माहितीय.

त्या वर्षी उरलेला सीझन मी पाण्याची बादली सांभाळली. फेब्रुवारीत नेट्सला दादा आला नव्हता. सरांनी माझ्याकडे बघितलं, "अरे, तू कीपिंग करायचास ना?"

मी म्हटलं, "नाही सर, मी पाणी देतो."