व्हेनिसच्या दिवसाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

नमस्कार सर,

आमच्या सहलीतल्या व्हेनिसच्या दिवसाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू आम्ही टूर कंपनीच्या ऑफिसमध्ये सगळ्यांनी वाचला. तुमच्या तक्रारी अशा: हॉटेल व्हेनिसचं सांगून मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला ठेवलं. ४२ जणांचे दोन गट केले आणि तुमच्या गटात टूर मॅनेजर नव्हता. सेंट मार्क्स बॅसिलिका या मोठ्या चर्चच्या दारातून परत यावं लागलं. गोंडोलाचे वेगळे पैसे देऊन जेमतेम अर्धा तास मिळाला. आईंचे गुडघे सुजले. शेवटी तुम्ही लिहिलंत, "व्हेनिस बघितलं नाही, व्हेनिसमधून पळालो." या वाक्याचं आम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ते खरं आहे.

बॅसिलिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे आमच्याकडे सांगायला काही सबब नाही. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारी २ नंतरच आत सोडतात. तुमच्या वेळापत्रकात बॅसिलिका सकाळी साडेदहाला होती. ते वेळापत्रक आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी बनवलेलं होतं आणि तारीख सरकल्यावर वार कुणी तपासला नाही. आत ८,००० चौरस मीटरहून जास्त सोनेरी मोझॅइक आहे. ते न बघता परतणं म्हणजे काय, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. आता रविवार आला की सकाळी डोजेस पॅलेस (व्हेनिसच्या जुन्या राज्यकर्त्यांचा राजवाडा) आणि २ नंतर बॅसिलिका, असाच क्रम ठेवला आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत आणि मोठ्या सॅक आत नेता येत नाहीत, हेही आदल्या रात्री ग्रुपवर पाठवतो.

दोन गट करण्यावाचून मात्र इलाज नव्हता. २०२४ पासून व्हेनिसच्या जुन्या शहरात गाइडबरोबर २५ पेक्षा जास्त माणसांचा गट फिरवता येत नाही आणि लाउडस्पीकरलाही बंदी आहे. अरुंद गल्ल्या आणि पूल अडू नयेत म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण २१-२१ चे गट होणार हे आम्हाला बुकिंगच्या दिवशीच माहीत होतं, तरी टूर मॅनेजर एकच पाठवला. दुसऱ्या गटाला फक्त इंग्रजी बोलणारी लोकल गाइड मिळाली. त्यात कानात लावायच्या ऑडिओ सेटचा आवाज गल्लीचं वळण घेतलं की तुटतो, त्यामुळे मागे राहिलेल्यांना ना आवाज, ना माणूस. यापुढे २५ च्या वर एक माणूस जरी गेला तरी आमची दोन माणसं बरोबर असतील आणि दुसरं माणूस गटाच्या शेवटी चालेल.

मेस्त्रेबद्दल. कागदोपत्री मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं, म्हणून हॉटेलच्या पत्त्यात व्हेनिस असतं आणि आमच्या इटिनररीतही तेच छापलं होतं. वाचणाऱ्याची त्याने दिशाभूल होते. आता 'मेस्त्रे, मुख्य भूमीवर' असं स्पष्ट लिहितो. मात्र मुक्काम तिथेच ठेवणार आहोत. कोच पुलावरून त्रोंकेत्तो या कोचच्या थांब्यापर्यंत येतो, पुढे जुन्या शहरात चाकाचं वाहन नाही. बेटावर राहायचं म्हणजे ४२ बॅगा बोटीत चढवायच्या, उतरवायच्या आणि पायऱ्यांच्या पुलांवरून न्यायच्या. शिवाय मेस्त्रेला रात्र काढणाऱ्याला दिवसभरासाठी येणाऱ्यांवर लावलेलं प्रवेशशुल्क पडत नाही, कारण हॉटेलात शहराचा कर भरलेला असतो. फक्त सवलतीची ऑनलाइन नोंद आधी करावी लागते. ती आम्ही करतो.

आता पळापळीचं मूळ. तुम्ही सकाळी १० ते साडेचार बेटावर होता आणि हीच तिथली सगळ्यात वाईट वेळ. दिवसभराचे पाहुणे तेव्हाच असतात आणि साडेपाचनंतर ओसरू लागतात. आम्ही तुम्हाला गर्दी ओसरायच्या तासभर आधीच बाहेर काढलं, कारण कोचच्या ड्रायव्हरला युरोपात साधारणपणे रोज सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते आणि साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांचा ब्रेक. सकाळी ७ ला निघालेला ड्रायव्हर रात्री ९ पर्यंत सहसा थांबवून ठेवता येत नाही. हा नियम सुरक्षेचा आहे, तो वाकवणार नाही. चूक अशी की आम्ही अख्खा दिवस कोचला बांधून ठेवला. सांता लुचिया स्टेशनवरून मेस्त्रेला लोकल ट्रेनने १०-१२ मिनिटं लागतात आणि गाड्या सतत असतात. पुढच्या तुकड्यांना कोच फक्त सकाळी सोडेल. दुपारी दोन तास आराम, संध्याकाळी सेंट मार्क्स चौक, मग ट्रेनने परत. ज्यांना लवकर जायचं त्यांच्याबरोबर आमचं एक माणूस आधीची गाडी पकडेल.

आईंच्या गुडघ्यांचं आधीच विचारायला हवं होतं. तिथे चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. अशा प्रवाशाला गटामागे चालवत नेणं चुकीचंच. १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट, पियात्साले रोमा या बस-स्थानकाच्या चौकातून ग्रँड कॅनाल या मुख्य कालव्याने सेंट मार्क्सपर्यंत साधारण पाऊण तासात जाते आणि निम्मं व्हेनिस बसल्या जागी दिसतं. एक तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. दोनपेक्षा जास्त फेऱ्या असतील तर २५ युरोचा २४ तासांचा पास घ्यावा. चढण्याआधी मशीनला टेकवायला विसरलं तर तिकीट असूनही दंड होतो. ६५ वर्षांवरच्या प्रत्येकाला हा पास आता पॅकेजमध्ये दिला आहे. चौकाच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडला आणि गाइडने उठवलं, हे तुम्हाला अपमानास्पद वाटलं. तिथे बसून खाण्याला दंड आहे, म्हणून ती घाईत होती. दम खायला जवळच्या राजबागेत, जार्दिनी रेआलीत, बाकं आहेत; तिकडे न्यायला हवं होतं.

गोंडोलाचा दर महापालिका ठरवते: दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, संध्याकाळी ७ नंतर ३५ मिनिटांचे ११०. तो नावेचा दर आहे, माणसाचा नाही. नावेत जास्तीत जास्त ५ जण, म्हणजे दिवसा डोई १८ युरो. ४२ जणांना नऊ नावा लागतात आणि एकाच धक्क्यावर गेलो तर रांग लागणारच. ब्रोशरवर मोठा फोटो आणि 'ऑप्शनल' बारीक अक्षरात, हे आमचं चुकलं. आता किंमत फोटोशेजारी आहे आणि नावा दोन धक्क्यांवर वाटून घेतो. ज्यांना फक्त गोंडोलात पाय ठेवायचा आहे त्यांनी ट्रागेत्तो घ्यावी: ग्रँड कॅनाल ओलांडणारी साधी गोंडोला, २ युरो, दोन-तीन मिनिटांत पलीकडे. रियाल्टो बाजारासमोरच्या सांता सोफियाला ती मिळते.

बॅसिलिकेच्या प्रवेशाची आणि त्या दिवसाच्या लोकल गाइडची रक्कम तुमच्या कुटुंबाच्या चौघांनाही परत करत आहोत. बुकिंगच्या ईमेलवर पत्र पाठवलं आहे. त्यात खाते क्रमांक तेवढा कळवा, सात दिवसांत जमा होईल. तुमच्या गटातल्या बाकीच्या सतरा जणांनाही हेच पत्र गेलं आहे.