सातवा हात

बघायचं म्हटलं की हात लावायलाच पायजे का हो? देवानं डोळे काय नुसता चष्मा अडकवायला दिलेत?

कालचा प्रकार. बीटल. म्हणजे घरी जोडून रंगवायची प्लास्टिकची छोटी गाडी, तामिया कंपनीची, १/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, १९६६ ची १३००. रंग आकाशी, कारण लहानपणी कॅम्पात एका बंगल्याच्या फाटकाआड तशीच एक उभी असायची आणि शाळेतून येताना मी गजांना नाक लावून बघत बसायचो. (गजांना नाक. गाडीला हात नाही. नोंद घ्यावी.) प्रायमरचे दोन हात, आकाशीचे तीन, वर क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी चकचकीत लॅकरचा, एक. झाले सहा हात. ते पण जुलैत, बेळगावात! ज्यांनी इथल्या पावसाळ्यात लॅकर मारलाय त्यांना पुढचं सांगायला नको. थिनर उडताना बॉडी गार पडते, हवेतली ओल तिच्यावर येऊन बसते आणि चकचकीत टपावर कुणीतरी ताक सांडल्यासारखं दिसतं. मागच्या वर्षी एक जिम्नी अशीच पांढरी होऊन गेली. म्हणून या खेपेला मी अकरा दिवस थांबलो. अकरा! परवा दुपारी जरा उघडीप मिळाली, हायग्रोमीटरचा काटा खाली सरकला, तर हापिसात पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि अर्धी रजा टाकून घरी पळालो.

क्लिअर बसला. काय बसला म्हणता! वर धरली तर ट्यूबलाइटची रेघ टपाच्या गोलाईवरून कुठं न तुटता वळत गेली. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "लाइट बंद कर, दिवस आहे अजून."

आणि काल संध्याकाळी आले आमचे अण्णा.

अण्णा परके असते तर मी काही बोललो नसतो. परक्याला काय कळतंय? पण रविवारी टिळकवाडीत चहाला जमणाऱ्या आम्हा चौघांतले हे सगळ्यात जुने. उद्यमबागेत लेथवर आयुष्य गेलेलं, बोलणं मायक्रॉनमध्ये, शर्टाच्या खिशात पेन नसेल पण व्हर्निअर असणार. माझ्या गाड्यांना ते 'जॉब' म्हणतात. येताना कुंद्याचा डबा आणलेला. आईनं बशीत वाढून चमचा दिला, तर म्हणाले, "कुंदा काय चमच्यानं खायचा असतोय होय?" आणि खाल्ला बोटांनी. खाऊन उठले, टेबलाजवळ गेले, धूळ बसू नये म्हणून वर पालथा घातलेला डबा काढला आणि बीटल उचलली. खालून चेसिसला धरून नव्हे. टपाला धरून! अंगठा इकडं, बोट तिकडं, बुंदीचा लाडू उचलावा तशी.

"जॉब बरा झालाय रे."

माझ्या तोंडातून आवाज फुटेना. क्लिअर वरून तासाभरात सुकतो, पण आत दिवसचे दिवस मऊ असतो. वास येतोय तोवर बोट लावायचं नाही, हे मला शिकवलं कुणी? याच अण्णांनी! त्यांच्या शेडवर ग्राइंडिंग झालेल्या जॉबला एखाद्या पोरानं उघडं बोट लावलं तर त्याच्या सात पिढ्या निघतात, घामानं गंज चढतो म्हणून. तिथं घाम चालत नाही, इथं तूप चालतंय. सहा हात मी दिले, सातवा अण्णांनी दिला. आणि बोटाचा ठसा केवढासा म्हणू नका. १/२४ च्या हिशेबात खऱ्या बीटलच्या टपावर कुणीतरी फूटभर रुंदीची परात दाबून उचलली, एवढा होतो तो.

बरं, ठेवली खाली तर गप्प बसावं ना. चष्मा कपाळावर चढवून नंबरप्लेट वाचली. "केए बावीस? सहासष्टच्या गाडीला केए? अरे तेव्हा म्हैसूर राज्य होतं. एमवाय पायजे." बरोबर आहे. राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला आणि केए तर त्याच्याही कितीतरी नंतर. बरोबर होतं म्हणूनच मी जास्त पेटलो. चुकीचं बोलणाऱ्याला निदान सुनावता येतं. त्यात कोल्हापूरहून आलेले आमचे भाऊजी सोफ्यावरून म्हणतात, "मग एमएच घाला की, मिटलं!" मिटलं? १९५६ पासून जे मिटलं नाही ते माझ्या बावीस मिलिमीटरच्या पाटीवर मिटणार?

आणि एकदा डोकं तापलं की सगळंच आठवतं. पहिलं म्हणजे "चालती काय?" घरी येणारा प्रत्येक माणूस, वय वर्षे चार ते ऐंशी, हाच प्रश्न. चालत नाही हो. देव्हाऱ्यातला नंदी चालतो का? त्याला विचारता का कधी? चालत नाही म्हटलं की "मग एवढ्याला?" आणि किंमत ऐकली की आई लगेच सोन्याचा भाव काढते. भाचा आला की आरसे जातात. एकदा चिमट्यातून उडालेला आरसा मी दोन दिवस जमिनीवर पालथा पडून शोधला, तर तो माझ्याच स्वेटरला चिकटून कामावर जाऊन आलेला.

कुरिअर तर विचारूच नका. पत्त्यात बेळगाव लिहिलं तर साइट म्हणते असं गाव नाही, बेळगावी निवडलं तर पोरगा फोन करून विचारतो, "सर, बेळगाव का बेळगावी?" अरे २०१४ साली बदललं बाबा ते, तू तेव्हा शाळेत होतास! स्प्रेचे डबे पेटणारे म्हणून विमानात घेत नाहीत. म्हणजे सांबऱ्याची विमानं आमच्या डोक्यावरून जाणार आणि डबा येणार ट्रकनं, रमतगमत. आला तर दारावर 'घर बंद' असा शेरा. आई चोवीस तास घरात! मग नाइलाजानं पेंटच्या दुकानात जावं तर तो एनसी थिनर पुढं करतो. ट्रकच्या पत्र्याला तो ठीक आहे, पण प्लास्टिकवर घातला की बॉनेटला म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या. "सगळे हाच नेतात," म्हणे. नेत असतील. ट्रकवाले.

हे सगळं मी काल रात्री अण्णांना लिहून पाठवणार होतो. तीन परिच्छेद तयार होते, 'आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती' वगैरे. पुरावा जोडावा म्हणून भिंग आणि टेबललॅम्प घेऊन बसलो. टपावर दोन ठसे, तुपाचे, ते अण्णांचे. पण मागं इंजिनाच्या झाकणावर अजून एक होता. स्वच्छ, खोल, बिनतुपाचा, आणि त्याच्या मधून आडवी रेघ. मागच्या दिवाळीत ब्लेड लागून तीन टाके पडले ना, ती रेघ. माझ्या उजव्या तर्जनीवर आहे.

परवा रात्री जेवून उठल्यावर 'सुकलं काय' म्हणून गेलो होतो खरा.

मेसेज पुसला. तरीपण एक सांगतो, मी झाकणाला लावलं, टपाला नाही. आणि मी हात धुतला होता.

आता वास जाईपर्यंत थांबायचं, मग साबणाच्या पाण्यात २००० नंबरचा घासायचा कागद, मग पॉलिशचं कंपाउंड, आणि क्लिअर पुन्हा. म्हणजे परत उघडीप. म्हणजे परत पोट बिघडणार. सकाळी अण्णांचा फोन आला. चूक झाली वगैरे काही नाही, एवढंच विचारलं, "प्लेट बावीस बाय पाच होती ना? पितळेत काढतो, एमवायची." मी होय म्हटलं. काय करणार, पितळेत चांगली दिसेल.

तरी दुपारी पुठ्ठ्यावर ठळक लिहून कपाटाला चिकटवलं : हात लावू नये. आईनं लांबून वाचलं आणि म्हणाली, "कन्नडात पण लिही बाबा, वरच्या ओळीत. नाहीतर उतरवायला लावतील."