एडिटर पुन्हा इन्स्टॉल करून एक्स्टेंशनचा त्रास का जात नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एक्स्टेंशनचा त्रास कसा शोधायचा यावरच्या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) अडायला लागला की अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकायचा, दहा मिनिटांचं काम. त्यासाठी एवढा लांबलचक लेख कशाला? आणि बायसेक्ट (एक्स्टेंशन्स निम्मी-निम्मी बंद करून दोषी शोधणं), लॉग (एडिटरने ठेवलेल्या नोंदी) असलं काही सांगून मी नवशिक्यांना घाबरवतो.

अनइन्स्टॉल केल्यावर एडिटर जातो, एक्स्टेंशन्स, म्हणजे एडिटरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, जागच्या जागी राहतात. विंडोजवर ती तुमच्या यूजर फोल्डरमध्ये, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या व्हीएसकोडच्या फोल्डरात असतात आणि सेटिंग्ज ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये. नेहमीच्या अनइन्स्टॉलमध्ये या दोन्हींना हात लागत नाही, त्यामुळे नवा टाकलेला एडिटर उघडताच तेच सामान पुन्हा वाचतो. ही फोल्डरं हाताने उडवलीत, तरी सेटिंग्ज सिंक (सेटिंग्ज आणि एक्स्टेंशन्सची यादी तुमच्या खात्यात जपणारी सोय) चालू असेल तर साइन इन केल्याबरोबर जुनी यादी परत उतरते. तुमच्याकडे त्रास खरंच गेला असेल, तर बहुधा सगळी एक्स्टेंशन्स परत टाकली नसतील. नेमकं कुठलं राहिलं म्हणून सुटलं, हे मात्र कळलं नाही. पुढे कधीतरी गरज पडेल, तेच परत टाकाल आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बायसेक्टला खरंच दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कमांड पॅलेट (एडिटरच्या कमांड शोधायची पेटी) उघडायचं, 'स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट' निवडायचं. एडिटर काही एक्स्टेंशन्स बंद करून विंडो रीलोड करतो आणि त्रास अजून होतोय का, एवढंच विचारतो. उत्तर द्यायचं, की संशयितांची यादी निम्मी होते. 40 एक्स्टेंशन्स असली तरी साधारण सहा फेऱ्यांत एक नाव हातात येतं. सगळी बंद करूनही त्रास तसाच असेल, तर बाहेरून टाकलेल्या एक्स्टेंशन्सवरचा संशय फिटला. मग सेटिंग्जकडे वळायचं. त्यासाठी नवं, रिकामं प्रोफाइल (सेटिंग्ज आणि एक्स्टेंशन्सचा वेगळा संच) करून तीच फाइल त्यात उघडून बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. बायसेक्ट एकच नाव देतं, आणि भांडण दोन एक्स्टेंशन्सचं असू शकतं.

इथेच तुमचा दुसरा आक्षेप येतो, आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. नुकतीच जावास्क्रिप्ट शिकणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिने कुणाच्या तरी यादीतून वीस एक्स्टेंशन्स टाकली आहेत. त्यातल्या लिंटरला (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्याला) सिंगल कोट हवेत, फॉरमॅटरला (कोडची मांडणी नीट करणाऱ्याला) डबल. ती सेव्ह करते, लिंटर कोट बदलतो, पाठोपाठ फॉरमॅटर ते परत फिरवतो, आणि लाल रेघ तशीच. ती हाताने दुरुस्त करते, सेव्ह करते, रेघ पुन्हा हजर. आपल्याला साधी स्ट्रिंगसुद्धा लिहिता येत नाही, असं तिला वाटायला लागतं. तिला घाबरवते ती ही लाल रेघ. तिला कुणीतरी एवढंच सांगायला हवं, की रेघेवर माउस नेला की तक्रारीशेजारी ती कुणाची हेही लिहिलेलं असतं, आणि डिफॉल्ट फॉरमॅटर कुठला ते सेटिंग्जमध्ये दिसतं. कोटांचा नियम दोघांपैकी एकाकडे सोपवला की भांडण मिटतं. पुन्हा इन्स्टॉल करून तिच्या पदरात काही पडणार नाही, कारण प्रोजेक्टच्या फोल्डरातल्या, या दोघांचे नियम लिहिलेल्या दोन कॉन्फिग फाइल्स जशाच्या तशा बसलेल्या असतील.

नाव कळल्याचा आणखी एक फायदा. 'काल चालत होतं, आज बिघडलं' यामागे पुष्कळदा रात्रीतून झालेलं ऑटो-अपडेट असतं. एक्स्टेंशनच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक केलंत की ठरावीक जुनी आवृत्ती टाकण्याचा पर्याय मिळतो. ती टाका, त्या एक्स्टेंशनपुरतं ऑटो-अपडेट बंद ठेवा, आणि बनवणाऱ्याला कळवा: कुठल्या आवृत्तीपर्यंत ठीक होतं, कुठल्यापासून बिघडलं. बरीचशी एक्स्टेंशन्स लोक फावल्या वेळात, फुकट सांभाळतात. एवढी माहिती मिळाली तर त्यांचं निम्मं शोधकाम वाचतं.

तुमच्या मशीनवर एडिटर उघडायलाच वेळ लागतो, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. तिथे बायसेक्टच्या आधी 'शो रनिंग एक्स्टेंशन्स' ही कमांड चालवा. प्रत्येक एक्स्टेंशन सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते समोर येईल. त्यातली सगळ्यांत मोठी दोन-तीन नावं इथेच कळवा, पुढचं मिळून बघू.