तेलाचा डबा आणि दादाची पट्टी

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी दादा मोंढ्यातून परस्पर दुकानात आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावाकडचं रान तो बघतो, तालुक्याच्या गावातलं हे किराणा दुकान मी. आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाचा कागद, गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "ह्याच्यातनंच धर दिवाळीचं." पट्टीवर सोयाबीनचा भाव क्विंटलला ३,६५०. सप्टेंबरच्या पावसात शेंगा रानातच काळ्या पडल्या, मालात खोट होती हे तोही मान्य करतो. पण त्या हंगामाचा हमीभाव होता ५,३२८ आणि सरकारी खरेदी अजून सुरू व्हायची होती. हमाली-तोलाई वजा जाऊन उरलं त्यातून रवा, मैदा, हरभरा डाळ, साखर बांधली आणि शेवटी पंधरा किलोचा तेलाचा डबा पुढे सरकवला. भाव सांगितला २,२००.

डब्यावरच्या सोयाबीनच्या शेंगांच्या चित्राकडे बघत तो म्हणाला, "आमचंच पिकतंय नि आमालाच विकायलास व्हय रं?"

हसत म्हणाला, पण मला ते लागलं. म्हणून ही पोस्ट. लांबलीय, वेळ नसेल तर निवांत वाचा.

दुकानासमोरच्या कट्ट्यावर ऑगस्ट २०२५ पासून एकच विषय होता, ट्रम्पने भारताच्या मालावर लावलेलं ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर. बोलावंच त्यावर, सोलापूरचा टॉवेल तिकडे जातो, सुरतेचा हिरा जातो, कोळंबी जाते. पण बऱ्याच जणांच्या डोक्यात एक गोष्ट उलटी बसलीय. त्यांना वाटतं, ज्या देशावर टॅरिफ लावलं तो देश ते भरतो. अहो, भरतो तो बंदरावर माल सोडवून घेणारा. माल न्यूयॉर्कला उतरला तर तिथला आयातदार, कांडल्याला उतरला तर आपला. विकणारा कधी कधी थोडा भाव पाडून देतो, पण बाकीचं ओझं पुढे सरकतं. सरकत सरकत माझ्यासारख्याच्या गल्ल्यापर्यंत येतं, आणि तिथून पुढे गिऱ्हाईकच असतं.

आपल्याकडे ह्याच गोष्टीला इम्पोर्ट ड्यूटी म्हणतात आणि तिचा हिसका मी अमेरिकेच्या एक वर्ष आधी खाल्लाय.

तारीख १४ सप्टेंबर २०२४. गणपती बसलेले, अनंत चतुर्दशीला तीन दिवस. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतोय तोवर डिस्ट्रिब्युटरचा फोन, "शेठ, कालची ऑर्डर कालच्या भावात धरू नका." केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरची मूळ ड्यूटी शून्यावरून थेट २० टक्के केली होती. शेतीचा सेस आणि अधिभार धरून ५.५ टक्क्यांचे झाले २७.५. रिफाइंडवर १३.७५ चे ३५.७५. आपण वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून अधिक. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोया अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. बस स्टँडवरच्या भज्याच्या कढईत अर्धं जग उकळत असतं म्हणा ना.

कारण सांगितलं गेलं शेतकऱ्याचं. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलंय, बाहेरचं स्वस्त तेल अडवलं की इथल्या मालाला भाव येईल. दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक होती, हेही लपून नव्हतं. तरी विचार म्हणून तो चुकीचा नाही, असं मला तेव्हाही वाटलं. घरात सोयाबीन पिकतं, मी कशाला नाही म्हणू?

तीनच दिवसांनी केंद्राच्या अन्न खात्याने तेल कंपन्यांच्या संघटनांना बोलावून सांगितलं, जुन्या ड्यूटीत आलेलं तीसेक लाख टन तेल देशात पडलंय, ४५-५० दिवस पुरेल, तोवर एमआरपी वाढवू नका. कागदावर बरोबर आहे. माझ्याकडे मात्र आठवडाभरातच नवा भाव आला. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वॉलमार्टने भाव वाढवावे लागतील म्हटल्यावर ट्रम्पनेही जाहीरपणे तेच सुनावलं, टॅरिफ तुम्हीच गिळा. वाचून मला आमच्या अन्न खात्याची आठवण झाली. कर लावणारा कुठलाही असो, त्याला वाटतं दुकानदाराचं पोट फार मोठं आहे.

आता माझी बाजू सांगतो, आणि खोटं कशाला बोलू, त्यात कबुलीही आहे. त्या दिवशी दुकानात जुन्या भावाचे चौदा डबे होते. १,६५० ला विकत होतो. पहिले पाच कायमच्या गिऱ्हाइकांना जुन्याच भावात दिले. उरलेले नऊ एमआरपीच्या आत राहून वाढीव भावात. "जुना माल नव्या भावात विकतोयस" असं मला तोंडावर म्हणणारे होते, आणि ते खरं होतं. पण चौदा डबे विकून आलेल्या पैशात मला पुन्हा चौदा डबे भरायचे होते, आणि ते काही केल्या भरेनात. जुन्या भावात सगळे विकले असते तर अकरा आले असते. दुकान हे असं हळूच बारीक होत जातं, कुणाला दिसत नाही.

डबा २०२४ च्या दिवाळीपर्यंत २,१०० ला गेला. हे सगळं ड्यूटीचंच पाप नव्हतं, पामतेल तिकडेच महागलं होतं. पण मोठा वाटा तिचाच. माझं एका डब्यामागे सुटतं वीस-पंचवीस रुपये, ते आधीही तेवढंच आणि नंतरही तेवढंच. भाव वाढला की दुकानदार मालामाल, हा समज ज्यांनी पसरवला त्यांनी एकदा गल्ल्यावर बसावं. चाळीस डबे ठेवायला आधी ६६,००० अडकायचे, मग ८४,०००. वरचे अठरा हजार कुठून आणायचे? मी बिस्किटं, साबण, शाम्पूची भरती कमी केली. म्हणजे तेलावरच्या ड्यूटीने साबणाच्या एजंटाची ऑर्डर कापली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ह्याला काही नाव असेल, आमच्याकडे "हात आखडला" म्हणतात.

आणि उधारी. पगारदार गिऱ्हाईक आधी लिटरच्या पाच पिशव्या न्यायचं ते चारवर आलं, विषय संपला. रोजंदारीवाली मावशी पाव किलो सुटं तेल न्यायची, ती तेवढंच नेते, फक्त वहीत लिहायला सांगते. बस स्टँडवरचा भजीवाला दोन दिवसांना एक डबा उचलायचा. त्याने प्लेटचा भाव वाढवून बघितला, पोरं पाठ फिरवून वडापावकडे गेली. मग भाव पूर्ववत केला आणि भजी लहान झाली. पुढे डबा तीन दिवस पुरायला लागला. कढईतलं तेल किती वेळा तापतंय हे मी त्याला विचारलं नाही. तुम्हीही भजी खाताना विचारत नाही.

कंपन्यांचं तेच, जरा सफाईने. लिटरची पिशवी म्हणजे ९१० ग्रॅम, हे आमच्या पिढीला पाठ. ठरावीक मापातच पॅक करायची सक्ती गेल्यापासून ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्या पिशव्या आल्या. दिसायला तेवढीच. वजन छापलेलं असतं, कायद्याने चोख, फक्त वाचायला चष्मा लागतो.

बरं, एवढं सगळं होऊन शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? ड्यूटी वाढली त्या आठवड्यात मोंढ्यात सोयाबीन तीन-चारशेने उडालं. दादाचा फोन, "बघ, आता पाच हजार." ऑक्टोबरात आवक वाढली आणि भाव परत चार हजार शंभरवर. तेव्हाचा हमीभाव ४,८९२. माझा एक साधा हिशेब असतो: ऑगस्ट २०२४ मध्ये दादाच्या एका क्विंटलात अडीच डबे तेल येत होतं, दिवाळीला दोनही भरेनात. २०२५ च्या दिवाळीला काटा दीडच्या जरा वर होता.

असं का झालं, हे मला गाळपाच्या धंद्यातल्या एका मित्राने समजावलं आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं सतरा-अठरा किलो, म्हणजे जेमतेम सव्वा डबा. बाकी ऐंशीएक किलो पेंड. सोयाबीन हे तेलबी कमी आणि पेंडबी जास्त. ती पेंड जाते कोंबडीखाद्याला आणि परदेशात. आणि २०२५ आधीच्या दोन वर्षांत इथेनॉलचे कारखाने वाढले, मका नि तांदळातून इथेनॉल काढून उरलेला चोथा, डीडीजीएस म्हणतात त्याला, खाद्यवाल्यांना स्वस्तात मिळायला लागला. परदेशातही पेंडीचा भाव पडलेला. म्हणजे सरकारने अठरा किलोला कुंपण घातलं आणि ऐंशी किलो उघड्यावरच राहिलं. तेल चढलं तसा कारखानदार पेंडीतला तोटा त्यातून भरून काढू लागला. दादापर्यंत काही आलं नाही.

हमीभाव केंद्रांचं तर विचारू नका. २०२४ ला ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून ट्रॅक्टर परत पाठवले, निवडणुकीच्या तोंडावर अट १५ टक्के केली, मग बारदाना म्हणजे माल भरायची पोती संपली. दादाने आठ दिवस वाट बघून माल आडतीला घातला. रब्बीचं बी आणायचं होतं त्याला.

ह्यात एक गंमतही आहे, रडू येईल अशी. ड्यूटीची भिंत उंच झाल्यावर नेपाळमधून सोयाबीनचं रिफाइंड तेल येऊ लागलं, भरपूर. नेपाळात एवढं सोयाबीन पिकतं कुठे? ते कच्चं तेल बाहेरून आणतात, शुद्ध करतात आणि सार्क देशांच्या करारामुळे आपल्याकडे बिनड्यूटीचं पाठवतात. पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार सताड.

मग ३० मे २०२५ ला केंद्राने कच्च्या तेलावरची मूळ ड्यूटी २० वरून १० केली, सगळं धरून १६.५. कारण यावेळी ग्राहकाचं. साडेआठ महिन्यांत शेतकऱ्याचं कारण संपलं. माझ्याकडे तेव्हा तीस डबे होते. आठवडाभरात डब्यामागे साठ रुपये उतरले, अठराशेचा चुना. चढताना लोकांना माझा जुना माल दिसला होता, उतरताना कुणालाच दिसला नाही. शिवाय तेल फारसं उतरलंही नाही. जुलैमध्ये देशाची किरकोळ महागाई दीड टक्क्याच्या आसपास होती आणि तेला-तुपाची १९ च्या आसपास. टीव्हीवर महागाई आटोक्यात आल्याची बातमी चालू असताना समोर काकू तेलाचा भाव विचारत होत्या. मी आवाज कमी केला.

गिऱ्हाइकाला दोष देत नाही मी. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला तेव्हा सकाळी आठला पोरं मोबाइलवर यादी घेऊन हजर होती, साबण अठराचा पाचवर आला, बिस्किटं आली, तुमचा भाव का तोच? आनंद वाटला खरं तर. कर कमी झाल्याची जाहिरात सगळे करतात. ड्यूटी वाढते तेव्हा रात्री अधिसूचना निघते आणि सकाळी तिची जाहिरात दुकानदाराच्या तोंडून होते.

ट्रम्पच्या ५० टक्क्यांचंही तसंच वळण बघा. अमेरिकेने आपल्या कपड्यावर टॅरिफ लावलं. कापड उद्योग बुडेल म्हणून केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरची ११ टक्के आयात ड्यूटी काढली, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका यवतमाळ, अकोला, परभणीचा कापूस घरात यायच्या वेळेला. गिरण्यांची अडचण खोटी नाही, पण न्यूयॉर्कच्या दुकानातल्या शर्टाचं टॅरिफ फिरत फिरत वेचणीला आलेल्या कापसावर येऊन बसलं.

मी ड्यूटीच्या विरोधात नाही, हे दोन्हीकडच्यांनी नीट वाचा. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं, तेव्हा पेंड आयातीला परवानगी दिली, तेलाची ड्यूटी उतरवली, वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. तेव्हाही ग्राहकाचंच कारण होतं. माझं म्हणणं एवढंच की शेतकऱ्याच्या नावाने माझ्या गिऱ्हाइकाकडून लिटरमागे वीस रुपये घेत असाल तर त्याच दिवशी खरेदी केंद्र उघडा, काटा लावा, बारदाना ठेवा. ते पैसे काही चोरीला जात नाहीत, ड्यूटी म्हणून तिजोरीत जातात. त्यातून दादाचा माल उचला. आणि ड्यूटी पेरणीच्या आधी ठरवा, हंगामभर हलवू नका. त्याला कळू तरी दे सोयाबीन पेरायचं की तूर.

असो. दादाने डबा काही घेतला नाही. म्हणाला, "पिशव्या दे पाच, पुढचं पुढं बघू." मी मांडणीवरून पाच काढून दिल्या. एक हातात घेऊन त्याने वर-खाली केली, आडतीवर काट्यावर नजर ठेवून ठेवून त्याचा हातच काटा झालाय. "ही हलकी लागतीय रं."

आठशे ग्रॅमची होती. मी आतून ९१० वाल्या आणायला उठलो.