‘पाच डिफेंडर लावून १४ गोल खाल्ले’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय परवा रात्री शटर ओढता ओढता वाचला. एकच तारा दिलाय. इथं वाचणाऱ्या बाकीच्यांना तक्रार कळावी म्हणून थोडक्यात मांडतो. आमच्या गेमिंग कॅफेत ‘फुटबॉल मॅनेजर’ या संघ चालवायच्या कॉम्प्युटर गेममधला बचाव शिकवणारी तीन रविवारांची बॅच तुम्ही ६०० रुपये भरून केली. त्यातला एक अख्खा रविवार आम्ही मिडफिल्डवर, म्हणजे मधल्या फळीवर घालवला. तिसऱ्या रविवारी लाईट गेली आणि तुमचे खेळून झालेले दोन सामने उडाले. त्यानंतर पाच डिफेंडर लावूनही तुमच्या संघानं पाच सामन्यांत १४ गोल खाल्ले. शेवटी तुम्ही लिहिलंय, “बाहेर फलकावर देवगिरीसारखा बचाव, आत पत्र्याचं कंपाउंड.”

लाईटीचं आधी सांगतो, कारण तिथं आमच्याकडं काही उत्तरच नाही. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली होती, ते मला माहीत होतं आणि मी पुढं ढकलत होतो. आता बदललीय. सगळ्या मशिनींवर ऑटोसेव्ह गेममधल्या दर आठवड्याला लावलाय, तोही तीन वेगवेगळ्या फायलींत फिरता, म्हणजे एक खराब झाली तरी आधीची हाताशी राहते. तिसऱ्या रविवारचे २०० रुपये काउंटरवर तुमच्या नावानं पाकिटात ठेवलेत.

आता १४ गोलांचं. काल फोनवर तुम्ही “बघा उघडून” म्हणालात, म्हणून चार नंबरच्या मशिनीवरच्या तुमच्या सेव्हची, म्हणजे साठवलेल्या खेळाची कॉपी केली आणि तीत सगळे गोल वही घेऊन बघितले. मूळ फाईलला हात लावलेला नाही. आठ गोल विंगबॅकच्या (कडेनं वरखाली धावणाऱ्या बचावपटूच्या) मागच्या मोकळ्या जागेतून झालेत, तीन डोक्यावरून टाकलेल्या लांब बॉलवर आणि तीन कॉर्नरवर.

तिसऱ्या सामन्यातला ७१व्या मिनिटाचा गोल मी सहा वेळा बघितला. बॉल तुमच्याच ताब्यात आहे, त्यांच्या बॉक्सच्या कडेला. डावा विंगबॅक कॉर्नरच्या झेंड्यापाशी पोचलाय. उजवा लांबच्या खांबापाशी क्रॉसची वाट बघतोय. तिन्ही मिडफिल्डर बॉक्सच्या तोंडाशी आहेत. क्रॉस आला, त्यांच्या स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, डोक्यानं बाहेर काढला, तिथून एक सरळ पास, आणि त्यांचे तिघं तुमच्या तिघांवर धावून आले. तुमचा उजवा सेंटरबॅक, म्हणजे मागच्या तिघांतला उजवीकडचा, बाजूला ओढला गेला, त्याची जागा भरायला मधला सरकला, आणि त्यांचा स्ट्रायकर पेनल्टीच्या ठिपक्यावर एकटा उभा. गोलकीपरनं तिथं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय पाच डिफेंडर, आणि तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. पण टॅक्टिकच्या पडद्यावर बघा. तुम्ही विंगबॅक सेंटरबॅकच्या रांगेत ठेवलेले नाहीत, एक रांग वर ठेवलेत, डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या (बचावाच्या लगेच पुढं उभ्या राहणाऱ्या मिडफिल्डरच्या) ओळीत. आमच्याकडच्या २०२४च्या आवृत्तीत पडद्यावर मांडलेली रचना ही मुख्यतः बॉल समोरच्याकडं असतानाची असते. म्हणजे बचाव करतानाच तुमच्या मागच्या रांगेत तीन माणसं आहेत. वर दोन्ही विंगबॅकना ‘अटॅक’ ड्युटी, म्हणजे पुढं जायची सूचना. बॉल तुमच्याकडं आला की दोघंही निघून जातात, आणि बॉल गेला की त्यांना साठ-सत्तर मीटर परत पळावं लागतं.

देवगिरीचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगतो, ते नाव मी फलकावर शोभेसाठी लिहिलेलं नाही. आपण सगळे शाळेच्या सहलीपासून तो किल्ला चढत आलोय. तासलेला कडा, खंदक, अंधारी, समोरासमोर न येणारे दरवाजे. एवढं असून १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवरायाला शरण जावं लागलं, कारण मोठं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं होतं. गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं असंही सांगतात. भिंत कुणी फोडली नव्हती. मी बॅचमध्ये हीच गोष्ट सांगतो, कारण गेममध्येही बहुतेक गोल असेच बसतात: आपली माणसं बाहेर असताना.

म्हणूनच तो एक रविवार मिडफिल्डवर घालवला, आणि पुढच्या बॅचलाही घालवणार. २००४-०५च्या हंगामात चेल्सीनं प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. त्यांचे सेंटरबॅक टेरी आणि कार्व्हाल्यो सगळ्यांना आठवतात, पण त्यांच्या पुढं मिडफिल्डर मॅकेलेले उभा होता. तो पुढं जायचा नाही. बाकीचे गेले तरी जागा धरून राहायचा. तुमच्या संघात ते काम करणारा एकही माणूस नाही. तिन्ही मिडफिल्डरना तुम्ही बॉक्सपर्यंत धावायला लावलंय. त्यातल्या एकाला मागं घ्या, डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या जागी ‘अँकर’ म्हणून, म्हणजे जागा न सोडणारा म्हणून ठेवा. पासिंग साधारण असलं तरी चालेल. त्याचे पोझिशनिंग (योग्य जागी उभं राहणं), अँटिसिपेशन (पुढचं आधी ओळखणं), टॅकलिंग (बॉल हिसकावणं) आणि टीमवर्क हे गुण बघा. दोन्ही विंगबॅक मागच्या रांगेत आणा, एकाला ‘सपोर्ट’ द्या, दुसऱ्याला ‘डिफेंड’. एक गेला की एक थांबतो. हल्ला चालू असताना मागं तीन सेंटरबॅक, अँकर आणि एक विंगबॅक असे पाच जण राहिले, की खऱ्या अर्थानं पाच डिफेंडर झाले.

लांब बॉलवरचे तीन गोल मात्र माझ्या खात्यावर लिहा. पहिल्या रविवारी जो छापील कागद वाटला त्यावर ‘डिफेन्सिव्ह लाइन वर’, म्हणजे बचावाची रांग पुढं सरकवून ठेवा, असं होतं. ते उदाहरण वेगवान सेंटरबॅक असलेल्या संघाचं होतं, आणि ती अट मी कागदावर छापली नाही. तुमचा संघ लीग टूमधला, म्हणजे इंग्लंडमधल्या चौथ्या पातळीवरचा. तुमच्या तीन सेंटरबॅकचा पेस (वेग) २० पैकी ९, १० आणि ८ आहे. त्यांना लाइन वर, सोबत प्रेसिंग, म्हणजे बॉलवाल्यावर धावून जाणं, कमी. म्हणजे समोरच्या पासरला मान वर करून बघायला वेळ मिळतो, आणि तुमच्या मागं चाळीस मीटर मैदान मोकळं असतं. अशा संथ खेळाडूंसाठी लाइन खाली घ्यायला हवी होती. आणि लाइन खाली घेतली की प्रेस सुरू करायची जागाही खाली घ्या. नाहीतर पुढचे दोघं वर धावतात, मागचे मागंच राहतात आणि मध्ये मोकळं रान तयार होतं. प्रशिक्षक अरिगो साक्की इटलीतल्या मिलान संघाच्या पोरांना मागच्या रांगेपासून स्ट्रायकरपर्यंतचं अंतर सुमारे २५ मीटरांत ठेवायला लावायचे, ते यासाठीच. रांग वर असो की खाली, संघ एकत्र सरकला पाहिजे. नवीन कागद छापलाय, त्यात पेसचा तक्ता आधी आहे.

एक खरेदीचीही गोष्ट. गेममधल्या जानेवारीत तुम्ही तो सहा फूट चार इंचांचा सेंटरबॅक घेतलात, जंपिंग रीच (उडी मारून गाठायची उंची) १७. बॅचमध्येही तुम्ही त्याचं कौतुक सांगत होता. पण त्याचं कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) ६ आणि पोझिशनिंग ७ आहे. कॉर्नरवरच्या तीनपैकी दोन गोलांत तो आपला माणूस सोडून बॉलकडं बघत राहिलाय. २००६च्या विश्वचषकात इटलीनं सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले, एक स्वयंगोल आणि एक पेनल्टी. त्या बचावाचा कप्तान कान्नावारो १.७६ मीटर उंचीचा होता. उंची नको असं मी म्हणत नाही, पण सेंटरबॅक निवडताना माझी नजर आधी पोझिशनिंग, अँटिसिपेशन आणि कॉन्सन्ट्रेशनवर जाते. मी स्वतः कॉलेजच्या दिवसांत आमखास मैदानावर स्टॉपर म्हणून खेळलोय. उंची बेताचीच होती, त्यामुळं बॉल कुठं पडणार हे आधी ओळखण्यावरच माझं सगळं चालायचं. कदाचित म्हणूनच या विषयावर मी जरा जास्तच बोलतो.

कॉर्नरचा बचाव आमच्या बॅचमध्ये नव्हता. असायला हवा होता. तुमच्या सेटिंगमध्ये जवळच्या खांबावर कुणीच नाही, तेवढं आधी भरा. पुढच्या बॅचपासून त्याला अर्धा तास ठेवलाय आणि आधीच्या दोन्ही बॅचच्या लेकरांनाही तो फुकट बसता येईल.

आणखी एक दिसलं. सहा आठवड्यांत तुम्ही रचना चार वेळा बदललीत. हरल्यावर हात शिवशिवतात, मला माहीत आहे. पण प्रत्येक बदलाबरोबर टॅक्टिकल फॅमिलिअॅरिटीची, म्हणजे खेळाडूंना रचनेची किती सवय झालीय ते दाखवणारी पट्टी खाली येते, आणि खेळाडू अर्धा सेकंद उशिरा जागेवर पोचतात. वर सांगितलेले बदल केले की निदान आठ-दहा सामने त्यांना हात लावू नका. मध्ये दोन हरलात तरी.

तुम्ही दिलेला तारा काढा असं मी म्हणणार नाही, तो तुमच्या अनुभवाचा आहे. एका वाक्यावर मात्र माझी हरकत आहे. काउंटरवरच्या पोरानं “तुमचंच चुकलं असेल” असं म्हणलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याला विचारलं. असं बोललो, हे त्यानं कबूल केलंय. पण त्याच अभिप्रायात तुम्ही त्याच्या शिक्षणावरून जे लिहिलंत, ते काढून टाका ही विनंती. तो बारावी करत संध्याकाळी इथं बसतो. माफी तो तुम्हाला समोर मागणार आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला चार नंबरची मशीन तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय, तासांचे पैसे लागणार नाहीत. त्या कॉपीत मी वरचे बदल करून बाजूला सेव्ह केलेत. तुमची मूळ फाईल आहे तशीच आहे. पुढचा सामना दोन्ही फायलींत शेजारी-शेजारी पूर्ण बघू, हायलाइट नको. वही घेऊन या.