‘लग्न लावून द्या, सुधारते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपूरच्या प्राइड मोर्चाचे, म्हणजे समलैंगिक लोकांच्या हक्कांच्या मोर्चाचे, फोटो आल्यापासून आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर-मोहाडीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: समलैंगिकता हे परदेशी खूळ आहे, खेड्यात असलं काही नसतं, कायद्यानं हा गुन्हा आहे, आणि हा आजार असल्यामुळे लग्न लावून दिलं की पोरगा सुधारतो. त्या मोर्चात मी होतो. मी गे आहे, धानाच्या शेतीवर वाढलो आहे, म्हणून हे लिहितो.

परदेशातून आलं ते समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ते घातलं. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले, आणि दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. गुन्ह्याचा मुद्दा इथंच मिटला. समलैंगिक लग्नाला मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही, मोर्चा त्यासाठीही होता.

खेड्यात नसतं म्हणता? मोर्चात कितीतरी जण एसटीनं आले होते, गावचं कोणी पाहील म्हणून तोंडाला दुपट्टा बांधून. एकानं मोटारसायकल थांबवून आवाज दिला, “काऊन बे, मायबापाची लाज नाही का तुले?” माझ्या बाजूच्या पोरानं दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढला. असा पोरगा गावात कोणाला दिसणार? खडी गमतीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून नाचणाऱ्याला आपण रात्रभर दाद देतो (तो गे असतो असं माझं म्हणणं नाही), आणि सकाळी जरा नाजूक चालीच्या पोराला पानठेल्यावर ‘बायल्या’ म्हणून रडवतो.

आजाराचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करून देतो’ म्हणत असले उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं.

मला खरा राग आहे तो लग्नाच्या सल्ल्याचा. त्यात पोरीचा विचारच नाही. तिचा बाप धान विकून, वरून कर्ज काढून साक्षगंध (साखरपुडा) करतो, लग्न करतो. नवरा जवळ येत नाही, हे ती कोणाला सांगणार? आईला सांगितलं तर ‘सांभाळून घे’. दोन वर्षांत पाळणा हलला नाही की सासू तिलाच अंगाऱ्याला नेते आणि गाव तिलाच वांझ म्हणतं. ती माहेरी परत आली तरी बोल तिलाच. आणि तो पोरगा आयुष्यभर खोटं वागत, तिच्या नजरेला नजर देणं टाळत राहतो. यात सुधारलं कोण?

हा मेसेज टाकणाऱ्या काकांनीच माझ्यासाठी मोहाडीकडचं एक स्थळ आणलं आहे. काका, माझं खरं आता तुम्हाला कळलं. त्या पोरीच्या बापाला ते सांगून मग साक्षगंधाची तारीख काढाल का?