फाटत नाही, जुळायचं राहतं

शनिवारी गणपती विसर्जन झालं आणि रविवारी, ७ सप्टेंबर २०२५ ला, खग्रास चंद्रग्रहण. सकाळी सातलाच भाचीचा फोन. सातवा महिना चालू आहे तिला. "मावशी, सासूबाईंनी ग्रुपवर काहीतरी टाकलंय. मला माहितीये तू चिडणार, पण वाच."

वाचलं. चिडले. दर ग्रहणाला तोच मेसेज येतो, फक्त तारीख बदलते. गरोदर बाईने ग्रहणात विळी, सुरी, सुई, कात्रीला हात लावायचा नाही, नाहीतर बाळाचा ओठ आणि टाळू फाटते. ग्रहणाचे किरण थेट गर्भात शिरतात. वेध लागले की अन्नपाणी बंद. आणि शेवटी, नासाने मान्य केलंय, डॉक्टरही मानतात. मी वीसेक वर्षं नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. घरातल्याच पोरीला हे असं आलं की गप्प बसवत नाही.

आधी ते 'फाटणं' बघू. सगळा घोळ या एका शब्दात आहे. जरा जीभ वर लावा. पुढच्या दातांच्या मागे एक छोटा उंचवटा लागेल आणि तिथून मागे, टाळूच्या बरोब्बर मधून, एक बारीक रेघ जाते. ती शिवण आहे. (आजी तेल जिरवते ती टाळू वेगळी, डोक्यावरची. ही तोंडातली.) शिवण असते, कारण तुमची-माझी, सगळ्यांचीच टाळू आधी दोन तुकड्यांत होती.

गर्भ राहिल्यापासून सहाव्या आठवड्यात वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक पाळी फुटते. या पाळ्या सुरुवातीला आडव्या नसतातच. जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात, कारण मधली जागा जिभेने अडवलेली असते. मग खालचा जबडा वाढतो, जीभ खाली सरकते, पाळ्या वर उचलल्या जातात आणि मधोमध एकमेकींना भिडतात. चिकटण्याचं काम पुढून मागे चालतं, पडजीभ सगळ्यात शेवटी. वरचा ओठ त्याच्याही आधी, सातव्या आठवड्याच्या आसपास जुळलेला असतो. बाराव्या आठवड्यापर्यंत टाळूही बंद. डॉक्टर मासिक पाळीच्या तारखेपासून मोजतात म्हणून दोन आठवडे मिळवा, तरी चौथा महिना लागता लागता हे प्रकरण मिटलेलं असतं. भ्रूणशास्त्राचं लँगमनचं पुस्तक कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल. चेहऱ्याचं प्रकरण उघडा, आकृत्यांसकट दिलंय.

म्हणजे ओठ किंवा टाळू कुणी चिरत नाही. जुळायचं असतं ते जुळायचं राहतं. सातव्या महिन्यातल्या माझ्या भाचीने त्या रात्री पोतंभर कांदे चिरले असते तरी बाळाची जुळलेली टाळू उसवणार नव्हती. आणि जिला टाळू जुळण्याच्या दिवसांत खरंच जपायला हवं, त्या बाईला पुष्कळदा दिवस गेल्याचंच नुकतं कळलेलं असतं.

आणखी एक. मुलींच्या टाळूच्या पाळ्या मुलांपेक्षा साधारण आठवडाभर उशिरा जुळतात. ओठ धड आणि नुसती टाळू दुभंगलेली, असं मुलींमध्ये जास्त दिसतं, त्याचं एक कारण हेच सांगतात. पोटात मुलगा की मुलगी हे सांगायला डॉक्टरला कायद्याने बंदी आहे. विळीला मात्र कळतं वाटतं. कुत्र्याची पिल्लं, गाईची वासरंसुद्धा दुभंगलेली टाळू घेऊन जन्मतात. ती गाय काय ग्रहणात भाजी निवडत बसली होती? तिकडे मेक्सिकोतही ग्रहणाने ओठ दुभंगतो अशीच समजूत आहे, पण तिथल्या गरोदर बायका उलट पोटाशी सेफ्टी पिन लावतात, धातू बाळाला वाचवतो म्हणून. आता लावायची की काढायची, ते दोघींनी बसून ठरवावं.

किरणांचं काय सांगू. चंद्रग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची सावली. रात्र म्हणजे तरी काय, पृथ्वीचीच सावली. त्यात आपण रोज झोपतो. नासाला यात कुणी ओढलं देव जाणे.

अन्नपाण्यावर मात्र माझा आवाज चढला. दुपारी वेध आणि ग्रहण सुटणार रात्री दीडच्या सुमारास. सात महिन्यांच्या पोटुशीला एवढा वेळ पाण्याशिवाय ठेवायचं? पंचांगातसुद्धा गर्भवती, आजारी आणि म्हाताऱ्यांना वेधात सवलत असते. मेसेज लिहिणाऱ्याने पंचांगही धड वाचलेलं नाही.

'डॉक्टरही मानतात' यात नखभर तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नये. पण ते गरोदर बाईने आणि तिच्या सासऱ्यानेही. आणि आईच्या पोटात काय जातं याचा ओठ-टाळूशी संबंध असू शकतो, हेही खरं. विडी-सिगारेटने धोका वाढतो. फिट्सची काही औषधं, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, यांनीही वाढतो. म्हणून दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायचं, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आनुवंशिकता असते. आणि बऱ्याच बाळांत नेमकं कारण सापडतच नाही. यातलं एक अक्षर त्या मेसेजमध्ये नाही.

आमच्या जुन्या गल्लीत एक बाई होती. तिच्या मुलाचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. ग्रहणात काकडी चिरली म्हणून तिला सासर-माहेर दोघांनी इतकी वर्षं ऐकवलं की ती पोराला पदराखाली झाकूनच बाहेर काढायची. बाळाला दूध ओढता येईना, कारण टाळू उघडी असली की तोंडात ओढच तयार होत नाही. त्याला बसतं धरून, खास बाटलीने पाजायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. सगळे काकडीवर अडलेले.

साधारण सातशे बाळांत एकाला हे असतं. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन लोकांचा दहाचा जुना हिशेब आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. टाळूची शस्त्रक्रिया त्यानंतर, वर्षाच्या आसपास, म्हणजे बोलणं सुरू होताना टाळू बंद असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत, सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत विचारा.

हे सगळं मी त्याच ग्रुपवर टाकलं. दुपारी सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "बरं, पाणी देते तिला. पण विळी मीच घेते, तिला आता खाली बसवत नाही." याला माझी काहीच हरकत नाही.